अण्णांचं दोन बटणांचं घड्याळ



दिवाळीच्या साफसफाईला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. तुमच्या कपाटात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांचं, वडिलांचं एखादं जुनं मनगटी घड्याळ पडलेलं असेल, तर हा लेख वाचून होईपर्यंत त्याला हात लावू नका. विशेषतः त्याच्या कडेला चावीशिवाय आणखी एक-दोन बटणं असतील तर. मी हात लावला होता, म्हणून सांगते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गावात डॉक्टर होते. त्यांच्या मनगटावर स्विस बनावटीचं एक घड्याळ असायचं. चावीच्या वर एक बटण, खाली एक बटण. मोठ्या डायलमध्ये दोन छोट्या डायली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, शोभेसाठी असेल. मग एकदा माझ्या तापात त्यांनी माझं मनगट धरलं आणि वरचं बटण दाबलं. मधला लांब काटा, जो एरवी बारावर गप्प उभा असायचा, तो धावायला लागला. अण्णांनी मनातल्या मनात पंधरा ठोके मोजले आणि पुन्हा बटण दाबलं. काटा थांबला. डायलच्या अगदी कडेला लाल आकड्यांची एक पट्टी होती. काटा जिथं थांबला तिथला आकडा वाचून ते म्हणाले, "अठ्ठ्याण्णव." ना गुणाकार, ना मिनिटभर वाट बघणं. खालचं बटण दाबलं की काटा टुणकन बारावर परत.

अण्णा गेल्यावर ते घड्याळ आठ-दहा वर्षं ट्रंकेत होतं. डायल पिवळट पडली होती, कडेला डाग आले होते. अक्कांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ऐंशीव्या वाढदिवसाला ते चालू करून त्यांच्या हातात द्यावं असं माझ्या मनात आलं. बाजारातल्या एका दुकानात दिलं. "ताई, नव्यासारखं करून देतो," दुकानदार म्हणाला, आणि खरंच तसं करून दिलं. पांढरी शुभ्र डायल, चकचकीत केस. मी खूष. अक्कांनी हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण ह्यांचं कुठं आहे?"

मला ते लागलं. चूक काय झाली हे मात्र पुण्याचा पुतण्या आला तेव्हा कळलं. त्याला अशा घड्याळांचा नाद आहे. त्यानं बघितलं मात्र आणि विचारलं, "काकू, ह्याची लाल पट्टी कुठं गेली?" दुकानात जुनी डायल खरवडून नवीन रंग दिला होता, आणि रंगवणाऱ्याला ती पट्टी कशासाठी आहे हे माहीत नव्हतं. त्यानं साधे सेकंद आखून दिले होते. अण्णांनी हजारो नाड्या ज्या आकड्यांवर वाचल्या, ते आकडे मी पैसे देऊन पुसून आणले.

त्या दिवसापासून मी पुतण्याच्या मागे लागून ह्या घड्याळांचा इतिहास समजून घेतला. तोच तुम्हाला सांगते.

ह्या प्रकाराला म्हणतात क्रोनोग्राफ. साधं घड्याळ 'किती वाजले' हे सांगतं. क्रोनोग्राफ त्याच्या जोडीला 'किती वेळ झाला' हेही सांगतो. आपल्याला हा फरक समजावून सांगायला नको. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. सामायिकाला बसायचं तेही तेवढाच वेळ. तिथं किती वाजले ह्याला महत्त्व नाही, सुरुवात केल्यापासून किती झालं ह्याला आहे. आपल्याकडे लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे, बुडाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडलं की २४ मिनिटांत भरून बुडायचं. 'घटका भरली' हा शब्द तिथूनच आला. तेही एका अर्थी हेच काम.

युरोपात हे काम मनगटाएवढ्या यंत्रात बसवायला शंभर वर्षं लागली. फार वर्षं असं मानलं जायचं की पहिला क्रोनोग्राफ निकोला रिएसेक ह्या फ्रेंच घड्याळजीनं केला. १८२१ मध्ये पॅरिसला घोड्यांच्या शर्यती होत्या, त्यात त्यानं आपलं यंत्र वापरलं. घोडा रेषा ओलांडतो त्या क्षणी बटण दाबायचं, की फिरत्या डायलवर शाईचा ठिपका पडायचा. क्रोनोग्राफ म्हणजे 'वेळ लिहिणारा', आणि हे यंत्र खरोखरच लिहीत होतं. नाव तेव्हाचं राहिलं, शाई गेली. मग २०१३ मध्ये लुई मोआने ह्या दुसऱ्या फ्रेंच माणसाचं १८१६ मधलं यंत्र जगापुढे आलं. त्यानं ते आकाशातल्या ग्रहताऱ्यांची निरीक्षणं करण्यासाठी बनवलं होतं आणि ते सेकंदाचा साठावा भाग मोजत होतं. दोनशे वर्षं पहिला म्हणून एकाचं नाव आणि खरा पहिला दुसराच!

अण्णांच्या घड्याळातला काटा टुणकन बारावर यायचा, ती करामत अडोल्फ निकोल ह्याची. हा लंडनमध्ये काम करणारा स्विस घड्याळजी, १८४४ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. काट्याच्या आसावर बदामाच्या आकाराची एक बारीक चकती असते. बटण दाबलं की एक छोटी हातोडी तिच्यावर पडते. चकती कुठल्याही कोनात असो, हातोडीच्या दाबानं ती फिरते आणि बदामाच्या खाचेपाशी येऊनच थांबते. तिच्याबरोबर काटाही शून्यावर. पावणेदोनशे वर्षं झाली, आजही नव्या महागड्या क्रोनोग्राफमध्ये तोच बदाम आहे. पुतण्यानं मला घड्याळ उघडून दाखवला. तांदळाच्या दाण्याहून लहान.

मनगटावर क्रोनोग्राफ आला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास. आधी सगळी कामं एकाच बटणानं व्हायची, चालू, बंद, शून्य. १९१५ मध्ये ब्राइटलिंगनं बटण चावीपासून वेगळं केलं आणि १९३४ मध्ये दुसरं बटण आणलं. त्यामुळे काटा थांबवून पुन्हा तिथूनच पुढे चालू करता यायला लागला. अण्णांच्या घड्याळाचं रूप तेव्हापासूनचं.

खरी गंमत डायलच्या कडेच्या पट्ट्यांमध्ये आहे. कुठली पट्टी आहे ह्यावरून घड्याळ कुणासाठी बनवलं ते कळतं. डॉक्टरांसाठी नाडीची पट्टी. तोफखान्यासाठी अंतराची: तोफेचा उजेड दिसला की बटण, आवाज आला की बटण, काटा किलोमीटर दाखवतो. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पावसाळ्यात वीज किती लांब पडली हेही त्यानं कळतं. गाडीवाल्यांसाठी वेगाची: एक किलोमीटर जायला ४० सेकंद लागले तर काटा ९० वर. आणि काही घड्याळांच्या मिनिटांच्या छोट्या डायलमध्ये ३, ६ आणि ९ ह्या मिनिटांच्या रेघा मुद्दाम लांब काढलेल्या असतात. संग्राहक सांगतात की त्या टेलिफोनसाठी, कारण फोनचं बिल तीन-तीन मिनिटांवर लागायचं. हे ऐकल्यावर मला आमचा ट्रंक कॉल आठवला. माहेरी फोन लागला की तीन मिनिटांत सगळ्यांची खुशाली विचारून व्हायला हवी, आणि दाराशी वडील घड्याळ बघत उभे! आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही, तीही ह्याच डायलींची आहे. अंधारात चमकणारे आकडे पूर्वी रेडियमच्या रंगानं लिहीत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात १९१७ पासून असा कारखाना होता आणि रंगवायला तरुण मुली होत्या. आकडे बारीक यावेत म्हणून ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं करा, असं त्यांना शिकवलं होतं. प्रत्येक वेळी थोडं रेडियम पोटात. रंग निरुपद्रवी आहे असं सांगितलं गेलं, काहीजणी गमतीनं नखांनाही लावायच्या. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडं झिजली, कित्येकी गेल्या. त्यातल्या पाचजणींनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली. कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यांमागे ह्या मुली आहेत. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काकणाची भूल आकड्यांतून निघाली तरी ते विष अजून तिथंच आहे. तेव्हा जुन्या घड्याळाचे आकडे जाड, मातकट आणि भुगा होत असलेले दिसले, तर घरी उघडू नका आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

आता येते ती गोष्ट जी मला सगळ्यात आवडली, आणि ती माळ्याचीच आहे.

१९६९ हे वर्ष. तोवर क्रोनोग्राफला रोज हातानं चावी द्यावी लागायची. मनगट हललं की आपोआप चावी बसते असा क्रोनोग्राफ कोण आधी काढणार, ह्याची चढाओढ लागली होती. स्वित्झर्लंडच्या झेनिथनं जानेवारीत जाहीर केला, त्याचं नावच 'एल प्रिमेरो', म्हणजे पहिला. हॉयर, ब्राइटलिंग वगैरेंनी मिळून मार्चमध्ये आपला आणला. जपानच्या सायकोनं गाजावाजा न करता मे महिन्यापर्यंत विकायलाच काढला. पहिला कोण हा वाद अजून मिटलेला नाही. झेनिथचं यंत्र तासाला ३६,००० ठोके द्यायचं, सेकंदाला दहा, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजता यायचा.

आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी सायकोनं टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं. बॅटरीवर चालणारं, चावी नको, चूक नगण्य. पुढच्या पंधरा वर्षांत स्विस कारखाने धडाधड बंद पडले. १९७० मध्ये तिथं सुमारे ९० हजार माणसं घड्याळांच्या धंद्यात होती, ती एक तृतीयांशावर आली.

झेनिथ तेव्हा एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात होती. १९७५ मध्ये शिकागोहून हुकूम आला: चावीची घड्याळं बंद, यंत्रं आणि अवजारं भंगारात काढा. ले लोक्ल गावातल्या त्या कारखान्यात शार्ल व्हर्मो नावाचे एक अनुभवी कारागीर होते, क्रोनोग्राफचा विभाग त्यांच्याकडे. त्यांनी मालकांना पत्र लिहिलं की एक छोटं वर्कशॉप तरी राहू द्या, पुन्हा दिवस येतील. उपयोग झाला नाही. मग ते संध्याकाळी काम संपल्यावर एकेक वस्तू कारखान्याच्या माळ्यावर नेऊ लागले. पत्रा कापायचे साचे, कॅम, कटर, नकाशे. सुमारे दीडशे साचे होते, आणि ते काही हलके नसतात. नुसतं कोंबून ठेवलं नाही. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि कुठली वस्तू कुठं, कुठल्या कामाची, कामाचा क्रम काय, हे सगळं वहीत लिहून ठेवलं.

कंपनी विकली गेली, पुन्हा स्विस माणसाकडे आली. १९८० नंतर लोकांना चावीची घड्याळं परत हवीशी वाटू लागली. पण एल प्रिमेरो पुन्हा बनवायचा तर सगळे साचे नव्यानं करावे लागणार, आणि तो खर्च पेलण्याची ताकद कुणात नव्हती. तेव्हा व्हर्मोंनी नव्या मालकांना माळा दाखवला. १९८४ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८८ मध्ये रोलेक्सनं आपल्या डेटोना ह्या प्रसिद्ध घड्याळात हेच यंत्र थोडे बदल करून बसवलं आणि २००० पर्यंत वापरलं. ज्यांच्याकडे स्वतःचं असं यंत्र नव्हतं ते भंगारात निघालेल्या यंत्रावर बारा वर्षं चालले.

मी ही गोष्ट आमच्या जाऊबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, मग मी माळ्यावरचं काही टाकत नाही ते बरोबरच करते की!" नाही वहिनी, तसं नाही. तुमच्या माळ्यावर काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही. व्हर्मोंची वही होती.

हीच अवजारं देशोदेशी हिंडलीसुद्धा. व्हीनस ह्या स्विस कंपनीचे क्रोनोग्राफचे साचे चीननं घेतले आणि १९६० च्या दशकात तियानजिनच्या कारखान्यात आपल्या वैमानिकांसाठी घड्याळं बनवली. त्याच यंत्राचे वंशज आज सगळ्यात स्वस्तात मिळणारे हातचावीचे क्रोनोग्राफ आहेत. पुतण्याचं पहिलं घड्याळ तेच.

चंद्रावर गेलेल्या घड्याळाबद्दल मुलं विचारतील म्हणून तेही सांगते. १९६५ मध्ये नासानं कसून चाचण्या घेऊन ओमेगा स्पीडमास्टर पसंत केलं, तेही हातचावीचं. १९७० मध्ये अपोलो १३ ला अपघात झाला तेव्हा परतीच्या वाटेवर इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, ते जॅक स्विगर्टनं मनगटावरच्या घड्याळावर मोजलं. आणि बझ ऑल्ड्रिननं चंद्रावर घातलेलं घड्याळ? ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत हरवलं. आजतागायत सापडलेलं नाही.

किमतीचं विचाराल तर ऐकून चक्कर येते. अभिनेते पॉल न्यूमन गाड्यांच्या शर्यतीत उतरायला लागले तेव्हा त्यांची बायको जोआन वुडवर्ड हिनं त्यांना एक रोलेक्स डेटोना घेऊन दिलं. तेव्हा तसल्या डायलची घड्याळं फारशी कुणी घेत नसे, दुकानात पडून असायची. मागच्या बाजूला तिनं कोरून घेतलं होतं की गाडी सांभाळून चालवा, आणि खाली नाव नाही, नुसतं 'मी'. १९८४ मध्ये न्यूमननी ते सहज मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. त्यानं वर्षानुवर्षं रोज वापरलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते पावणेदोन कोटी डॉलरला, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून जास्तीला गेलं. तेच घड्याळ कुणी चकाचक करून आणलं असतं, मागचं घासून गुळगुळीत केलं असतं, तर?

संग्राहक नेमकं हेच बघतात. डायल मूळची आहे का. उन्हानं काळी डायल तपकिरी झाली असेल तर ती जास्त आवडीची. केसच्या कडा धारदार आहेत की पॉलिशनं गोल झाल्यात. काटे त्याच काळातले आहेत का. आपण भांडी घासतो, चांदी उजळतो, मूर्तीभोवतीची पितळी समई लख्ख ठेवतो, तो हात इथं आवरायचा. आणि ऐकून वाईट वाटेल, पण आपल्याकडून रंगवून गेलेल्या जुन्या घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकानं नव्हे. मी त्यात एकाची भर घातली.

पुतण्याला मी एकदा स्पष्टच विचारलं, "अरे, पण हा परिग्रहच ना? मनगटं दोन आणि घड्याळं अकरा?" तो हसला नाही. म्हणाला, "काकू, पाचाचं परिमाण केलंय. सहावं आणलं की एक द्यायचं." अकराची पाच व्हायला किती दिवस लागतील हे मी विचारलं नाही. चार देऊन झाली आहेत हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

तुमच्या घरी असं घड्याळ निघालं तर एवढंच करा. चालू करून बघायला जोरजोरात चावी देऊ नका, आतलं तेल वाळलेलं असतं, कोरडी चाकं झिजतात. बटणं अडकली असतील तर दाबू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग जुनी घड्याळं जाणणाऱ्या घड्याळजीकडेच द्या आणि लिहून द्या: यंत्र साफ करा, तेल घाला, डायल आणि केसला हात लावू नका. बदललेला प्रत्येक भाग, काचसुद्धा, परत मागून घ्या. आणि ते कुणाचं, कधी घेतलं, घरात कुणाला आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवा.

अण्णांच्या घड्याळाचं यंत्र मात्र मूळचंच आहे, बदामासकट. पुतण्यानं ते पुण्यात साफ करून आणलं. लाल पट्टी परत येणार नाही. अण्णांचा दवाखान्यातला एक फोटो आहे, त्यात मनगट दिसतं, पण पट्टीचे आकडे वाचता येत नाहीत. मी भिंगानंही बघितलं.

आता ते स्वयंपाकघरात असतं. सकाळी पाणी गाळलं की अक्का वरचं बटण दाबतात. मिनिटांची डायल ३० पर्यंतच आहे, म्हणून एक फेरा पुरा आणि वर अठरा, असं त्या मोजतात.